मिश्रण आणि भेसळ



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्यांच्या पत्रकात वाईनवर लेख कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही दारूचा प्रचार करायला बसलेलो नाही. दारूने घराचे काय होते, हे गुत्ते बंद करायला पदर खोचून निघालेल्या आमच्या मायबहिणींना कोणी शिकवण्याची गरज नाही. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. पण प्यायची नाही म्हणून ती पिकवणाऱ्यांचा इतिहासही वाचायचा नाही, असे कुठे लिहिले आहे? हा इतिहास कोरडवाहू शेतकऱ्यांचा आहे. त्यात दगडधोंड्यांचे रान आहे, पडलेले भाव आहेत, भेसळ करणारे व्यापारी आहेत, सरकारच्या गोळ्या आहेत आणि शेवटी शेतकऱ्यांनी मिळवलेला भावही आहे. आपल्याला शिकायचे आहे ते हा भाव कसा मिळाला, हे.

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या काठी आव्हिन्यों शहराजवळ एक गाव आहे. नाव शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे पोपचा नवा किल्ला. त्यांच्या भाषेत ‘पाप’ म्हणजे पोप, आपल्या अर्थाने घेऊ नये. १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी रोमऐवजी आव्हिन्योंला होती. त्यांपैकी बाविसाव्या जॉन पोपने या गावात उन्हाळी मुक्कामासाठी किल्ला बांधला. आज किल्ल्याची एखाददुसरी भिंत उभी आहे, पण गावाच्या नावाची तांबडी वाईन जगभर विकली जाते. साध्या ऱ्होन वाईनच्या कितीतरी पट भाव तिला मिळतो.

आता तिथली जमीन पाहा. बऱ्याच शेतांत मातीच दिसत नाही. नदीने आणून टाकलेले, मुठीएवढे ते नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले असतात. पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बीड-जालन्याच्या आकड्याजवळ. फरक इतकाच की त्यांचा पाऊस मुख्यतः शरदात आणि वसंतात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. त्यात उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटतो. तो झाडे वाकवतो आणि जमिनीतली ओल ओढून नेतो. आपल्या कृषी खात्याचा साहेब तिथे गेला असता तर त्याने शेरा मारला असता, ‘हलकी जमीन, सिंचनाचा अभाव, वाव नाही.’

त्या गावाच्या नियमांत सिंचनाला मुळातच मनाई आहे. फार मोठ्या दुष्काळात तेवढी खास परवानगी मिळते. उत्पादनालाही मर्यादा आहे, हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी १४०० लिटर वाईन. द्राक्षांच्या हिशेबात एकरी साधारण १८-२० क्विंटल. आपल्या नाशिकचा बागायतदार खाण्याच्या द्राक्षांचे एकरी १०० क्विंटलच्या आसपास उत्पादन घेतो. कमी पिकवूनही ज्याला भाव मिळतो असा कोरडवाहू शेतकरी पृथ्वीच्या पाठीवर आहे. ‘उत्पादकता वाढवा, आपोआप सुखी व्हाल’ असा उपदेश गेली साठ वर्षे ऐकणाऱ्या आपल्या माणसाने ही गोष्ट गाठीला बांधावी.

ही वाईन एका जातीच्या द्राक्षाची नसते. नियमांत मूळ १३ जाती आहेत. मुख्य जात ग्रनाश. उन्हात टिकणारी, वाऱ्यात ताठ उभी राहणारी, आणि साखर भरपूर भरत असल्यामुळे वाईनला अंग देणारी. पण तिचा रंग फिका, आणि फुलोऱ्यात हवा बिघडली की फुले गळतात, आपल्या कापसाची पातेगळ होते तशी. म्हणून जोडीला सिरा. ती गडद रंग आणि मिऱ्यासारखा तिखट वास देते. तिसरी मुर्वेद्र. उशिरा पिकणारी, ऊन भरपूर मागणारी, वाईनला कणा आणि तुरटपणा देणारी. चौथी सँसो. हलकी, सुवासिक, उन्हाला न भिणारी. एखाद्या साली ग्रनाशने दगा दिला तर सिरा सावरते. सिरा उन्हाने होरपळली तर मुर्वेद्र हात देते.

वऱ्हाड-मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कापसात तुरीची ओळ, ज्वारीत मूग-उडीद, बांधावर अंबाडी, हे आपल्या आजा-पणजाचे शास्त्र होते. पाऊस लवकर गेला तर मूग हाती लागतो, उशिरा आला तर तूर हाती लागते. विद्यापीठात आम्ही याचा अभ्यास ‘आंतरपीक पद्धती’ म्हणून केला. गावात त्याला नाव नव्हते, पण पोट त्यावरच चालत होते. त्या फ्रेंच गावाने हेच शास्त्र बाटलीत भरले. प्रत्येक घर आपापल्या अंदाजाने जाती एकत्र करते, पण कोणत्या जाती चालतील हे सगळ्यांनी मिळून ठरवलेले असते.

कोणी म्हणेल, हे जुन्याला कवटाळणे झाले. तसे नाही. १८६०च्या दशकात फायलोक्सेरा नावाची, मुळांवर जगणारी बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली. ती पहिल्यांदा दिसली ती याच भागात, ऱ्होनच्या पलीकडच्या काठाला. बागाच्या बागा वाळल्या. उपाय निघाला तोही अमेरिकेतूनच. अमेरिकन वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपली जात कलम करायची. आपले द्राक्ष बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतात, ती याच विद्येची शाखा. म्हणजे त्या शेतकऱ्याने नवे तंत्रज्ञान घेतले, पण आपली जात आणि आपले नाव सोडले नाही.

आता जेवणाकडे वळू, कारण या वाईनची गोष्ट ताटाशिवाय पुरी होत नाही. त्या भागात मेंढरे पाळतात. रानात थाइम उगवते, ओव्याच्या वासाचे झुडूप. लव्हेंडर उगवते, रोझमेरी उगवते. जैतुनाची झाडे आहेत. आव्हिन्योंकडे ‘दोब’ नावाचा पदार्थ होतो. मेंढीच्या खांद्याचे चिवट मांस वाईनमध्ये मुरवतात आणि मंद आचेवर मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवतात. चिवट तुकडा मऊ करण्याची ही गरिबाघरची युक्ती. अशा मटणाबरोबर, थाइम-रोझमेरी लावून भाजलेल्या कोकराबरोबर, रानडुकराच्या किंवा सशाच्या शिकारीबरोबर ही तांबडी वाईन घेतात. मांस न खाणाऱ्याने वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची तेलात शिजवलेले ‘रातातुई’ घ्यावे, काळ्या जैतुनाची चटणी घ्यावी, नाहीतर मेंढीच्या दुधाचे जुने, घट्ट चीज.

हे जुळते का, याला कारण आहे. तांबड्या वाईनमध्ये टॅनिन असते. पाखरे टाळतात त्या तांबड्या दाण्याच्या ज्वारीत असते ना, तोच हा तुरट पदार्थ. नुसती वाईन घेतली तर हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि तोंड कोरडे पडते. ताटात मांस-चीज असले की टॅनिन त्यातल्या प्रथिनांना धरते, तुरटपणा बोथट होतो आणि चरबीचा जडपणाही कापला जातो. माशाबरोबर मात्र असली वाईन धातूसारखी लागते. गोडाबरोबर आंबट आणि कडवट लागते.

आणि झणझणीत रश्श्याबरोबर? शहरातल्या हॉटेलांत आता वऱ्हाडी रश्श्याशेजारी असली भारी तांबडी वाईन मांडायची टूम निघाली आहे. या वाईनमध्ये १४-१५ टक्के अल्कोहोल असते. अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो, आणि तुरटपणाने तोंड आणखी सोलवटते. ज्या रश्श्याला ज्वारीची भाकरी आणि कांदा शोभतो, त्याच्या शेजारी ही बाटली ठेवणे म्हणजे दोघांचाही अपमान. त्यांची वाईन त्यांच्या रानातल्या मेंढरांबरोबर, त्यांच्या थाइमबरोबर वाढली. आपली भाकरी आपल्या अंबाडीबरोबर, झुणक्याबरोबर, ठेच्याबरोबर, जवसाच्या चटणीबरोबर वाढली. जे एका शेतात शेजारी उगवते ते एका ताटात जुळते. त्या गावाने ही गोष्ट ओळखली, तिला नाव दिले आणि त्या नावाला भाव मागितला. आपण ओळखली, पण भाव मागितला नाही.

भाव त्यांना सुखासुखी मिळाला, असे मात्र समजू नका. १९००च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वाईनचे भाव कोसळले. व्यापारी साखर आणि पाणी घालून खोटी वाईन बनवत, अल्जेरियातून स्वस्त माल आणत आणि त्यात मिसळत. ऱ्होनच्या पश्चिमेला लांगदोक भागातल्या आर्जेलिये गावातून ११ मार्च १९०७ रोजी ८७ माणसे पायी निघाली, चौकशी समितीपुढे गाऱ्हाणे मांडायला. पुढे होता मार्सेलँ आल्बेर नावाचा शेतकरी, जो गावात एक छोटे उपाहारगृहही चालवत असे. तीन महिन्यांत ८७चे काही लाख झाले. ९ जूनला माँपेलिये शहरात पाच लाखांच्या वर माणूस जमला. पंतप्रधान क्लेमांसोच्या सरकारने सैन्य पाठवले. नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. तेव्हा बेझिये इथल्या सतराव्या पलटणीने बंड केले, कारण त्या पलटणीतले शिपाई त्याच शेतकऱ्यांची पोरे होती. २९ जून १९०७ रोजी भेसळीविरुद्ध कायदा झाला. सप्टेंबरमध्ये द्राक्ष उत्पादकांनी आपली संघटना उभी केली आणि भेसळीवर पहारा ठेवायला सुरुवात केली.

शातोनफच्या शेतकऱ्याचे दुखणे जरा वेगळे होते. त्याचा माल चोख होता, दमदार होता. म्हणूनच तो पिंपांतून उत्तरेला बर्गंडीकडे जाई आणि तिथल्या अशक्त वाईनला ताकद देण्यासाठी तिच्यात मिसळला जाई. बाटलीवर नाव बर्गंडीचे, दामही बर्गंडीचे. उलट बाजूने, शातोनफचे नाव लावून भलताच माल विकला जाई. १९२३ साली शेतकरी बॅरन ल रॉय नावाच्या गावच्या जावयाकडे गेले. तो वकिली शिकलेला होता आणि पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. संघ उभा राहिला. त्याने सरकारकडे अनुदान मागितले नाही. आधी स्वतःला नियम घालून घेतले. ज्या जमिनीत थाइम आणि लव्हेंडर उगवते, म्हणजे ज्या जमिनी कोरड्या आणि हलक्या आहेत, तेवढ्याच चालतील. जाती ठरलेल्या. छाटणीची पद्धत ठरलेली. अल्कोहोल किमान साडेबारा टक्के. तोडणीच्या वेळी किमान ५ टक्के द्राक्षे बाजूला काढून टाकायची, घरची झाली तरी. मग ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षे लढले, आणि १९३३ साली वरच्या कोर्टात जिंकले. १९३५ साली फ्रान्सने मूळ स्थानाच्या नावांना संरक्षण देणारा राष्ट्रीय कायदा केला. १९३६ साली या गावाचे नाव त्या कायद्याखाली नोंदले गेले.

भावांनो, मिश्रण आणि भेसळ यांतला फरक इथे आहे. दोन्हींत मिसळणेच आहे. पण तेरा जाती पिकवणारा मिसळतो, काय मिसळले हे सांगून मिसळतो, आणि नाव त्याचेच राहते. भेसळीत व्यापारी मिसळतो, झाकून मिसळतो, आणि नाव पुसतो किंवा चोरतो.

आता आपल्याकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या भावफलकावर ‘उमरा’ आणि ‘हिंगणघाट’ ही नावे असत. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. हिंगणघाट म्हणजे आपले हिंगणघाटच. म्हणजे गावाच्या नावाने माल विकण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. त्या गावांना हा मान शातोनफच्या संघाआधी मिळाला होता. मग तो गेला कुठे? नाव व्यापाऱ्याच्या हातात होते. हलका कापूस, सरकी, कचरा मिसळून तोच गठ्ठा ‘हिंगणघाट’ म्हणून विकला जाई. मुंबई सरकारने १८६३ साली कापूस भेसळविरोधी कायदा केला, पण तो मँचेस्टरच्या गिरण्यांची ओरड ऐकून. कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा पेरणाऱ्या माणसाला त्यात कोणी विचारले नाही. पुढे एकाधिकार खरेदी आली. तिथे तर सगळ्यांचा कापूस एका ढिगात गेला. चोख माल आणणाऱ्याचा आणि ओला माल आणणाऱ्याचा हिशेब ग्रेडरच्या मर्जीवर राहिला. २००२ नंतर बीटी बियाणे आले. आम्ही त्याच्या विरोधात नाही, बोंडअळीने घर बुडत असताना शेतकऱ्याला तंत्रज्ञान नाकारणारे आम्ही कोण? पण गावोगाव एकाच धाटणीचे संकरित वाण झाले आणि कापसाला गावच उरले नाही.

ज्वारीची गोष्ट तर जास्त बोचणारी आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचे ठरवले. कारण सांगितले, कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारी-बाजरी-मक्याला भाव मिळेल. अनुदान कोणाला? कारखानदाराला. मद्यार्काच्या टाकीत गेल्यावर ज्वारी कोणत्या गावची हे कोण विचारणार? जितकी स्वस्त आणि जितकी काळी पडलेली ज्वारी, तितका कारखान्याचा फायदा. म्हणजे आपला माल पुन्हा ढिगात. त्या धोरणाला विरोध करणारे धान्याची नासाडी म्हणाले, समर्थन करणारे शेतकऱ्याचे कल्याण म्हणाले. पिकवणाऱ्याने नियम लिहावेत, असे दोघांपैकी एकानेही म्हटले नाही.

वाईनचेही तेच झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि तो शेतकऱ्यांच्या हिताचा म्हणून सांगितला. गदारोळ उठला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या. पण आधीचा इतिहास कोणी काढला नाही. २००८-०९च्या मंदीत नाशिक भागातल्या वाईनरींचा माल पडून राहिला. तेव्हा करार करून वाईनची द्राक्षे लावणारे शेतकरी उघड्यावर पडले आणि अनेकांनी वेली उपटल्या. बाटलीवर नाव कंपनीचे होते. कंपनीने खरेदी थांबवली की शेतकऱ्याच्या हाती फक्त पाने आणि काड्या उरतात.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा. नियम म्हणजे पुन्हा लायसन-परमिट राजच ना? ते जोखड तर आपण झुगारून देऊ म्हणतो. फरक ओळखा. झोनबंदी, लेव्ही, निर्यातबंदी ही दुसऱ्याने आपल्या मानेवर ठेवलेली जोखडे. शातोनफचे नियम शेतकऱ्यांनी आपल्या मालाला घातले. ज्याला ते मान्य नाहीत त्याने आपली वाईन दुसऱ्या नावाने विकावी, त्याला कोणी अडवत नाही. बाजार मोकळाच राहतो, फक्त खोटे नाव लावायला मोकळा राहत नाही.

दुसरा आक्षेप. फ्रान्सचे शेतकरीच आज अडचणीत आहेत. खरे आहे. तिथे तांबड्या वाईनचा खप घटतो आहे. २०२४ साली सरकारने द्राक्षबागा कायमच्या उपटण्यासाठी हेक्टरी ४००० युरो देऊ केले. नाव म्हणजे जादूचा मंत्र नव्हे. पण अशा मंदीत ज्या मालाला नाव नाही तो आधी बुडतो, हेही तितकेच खरे.

तिसरा आक्षेप. आपल्याकडे भौगोलिक निर्देशांकाचा कायदा आहेच की. आहे. १९९९ साली झाला, २००३ साली लागू झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली तो दाखला मिळालाही. मंगळवेढ्याच्या काळ्याभोर जमिनीत दहिवर पिऊन वाढलेल्या मालदांडीची भाकरी ज्याने खाल्ली त्याला वेगळा पुरावा नको. पण दाखला भिंतीवर टांगून भाव येत नाही. त्या नावाखाली किती शेतकऱ्यांनी स्वतःची वापरकर्ता म्हणून नोंद केली? पुण्या-मुंबईच्या दुकानात पोत्यावर ‘मालदांडी’ लिहिले असते, आत कोणती ज्वारी आहे हे कोण तपासते? थंडीत शहरची माणसे पैसे मोजून हुरडा खायला येतात. त्या हुरड्याच्या जातीचे आणि गावाचे नाव त्यांना कोण सांगते?

म्हणून या जिल्हा बैठकीसमोर आम्ही तीन कामे ठेवतो. एक, प्रत्येक तालुक्याने आपली ज्वारी आणि आपला कापूस यांची नोंद करावी. कोणती जमीन, कोणते वाण, सोबत काय पेरतो, सोबत काय खातो, सगळे लिहून काढावे. जुन्या बायांना विचारावे, कारण भाकरी कोणत्या ज्वारीची चांगली होते हे त्यांनाच ठाऊक आहे. दोन, त्या नोंदीवरून नियम आपणच लिहावेत, थोडे आणि कडक. ओला कापूस नाही, प्लास्टिकच्या पोत्यात वेचणी नाही, काळी पडलेली ज्वारी चांगल्या ज्वारीत नाही. जो मोडेल त्याचे नाव यादीतून जाईल, मग तो आमचा सख्खा भाऊ का असेना. तीन, पहारा. गावाचे नाव लावून दुसरा माल विकणाऱ्याला आधी सांगायचे, मग कोर्टात ओढायचे. शातोनफला दहा वर्षे लागली. आपल्याला कमी लागतील, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही.

घामाचे दाम मागण्याची आपली लढाई चालूच राहील. निर्यातबंदी आणि आयात यांच्याशी भांडण चालूच राहील. पण सरकारने वाट मोकळी केली त्या दिवशी आपला माल बाजारात कोणत्या नावाने उभा राहणार, हे आजच ठरवायला हवे. तालुका प्रतिनिधींनी नोंदवह्या घेऊनच पुढच्या बैठकीला यावे.